सूर्य की अणू? दामोदर कोसंबींनी मांडलेला ऊर्जेचा हिशेब

खर्ड्याचे नाव शाळेच्या पुस्तकात १७९५ च्या लढाईमुळे येते. आपल्या चळवळीला मात्र खर्डा म्हटले की एप्रिल २०१४ आठवतो. इथे शिकणाऱ्या एका मुलाचा खून झाला आणि २०१७ साली आरोपी न्यायालयातून निर्दोष सुटले. ते विसरण्यासारखे नाही. पण आजचा लेख खर्ड्याच्या उन्हावरून सुचलेला आहे.

जामखेड तालुक्यातले ऊन ज्याने अंगावर घेतले आहे त्याला त्याचे वर्णन सांगायला नको. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही जण इथे मुलांचा अभ्यासवर्ग घेत होतो. शेजारच्या घराच्या पत्र्यावर एक सौर पॅनल बसवलेले होते. दहावीत गेलेल्या एका मुलीने विचारले की त्या काळ्या काचेत चाक फिरत नाही, काही जळत नाही, धूर निघत नाही, मग वीज येते कुठून? मी सांगितले, आतले इलेक्ट्रॉन सरकतात. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. रोज सरकून सरकून ते संपत कसे नाहीत? त्याच वर्गात एका मुलाने मोबाईलवर आलेला संदेश दाखवला. ऊर्जा अमर आहे हे विज्ञानाने सिद्ध केले, म्हणून आत्माही अमर आहे, असा त्याचा आशय होता.

या दोघांना उत्तर देताना मी दामोदर धर्मानंद कोसंबींची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर लिहितो. आपल्यातले बरेच जण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात. बुद्धकाळाची, कार्ल्याच्या आणि जुन्नरच्या लेण्यांची उकल करणारा माणूस म्हणून. पण त्यांचा पोटापाण्याचा विषय गणित होता, आणि आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत ते ज्या प्रश्नासाठी जाहीरपणे भांडले तो ऊर्जेचा प्रश्न होता.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी. बौद्ध धम्माच्या अभ्यासासाठी हा माणूस घरदार सोडून निघाला, नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत गेला, पाली शिकला, भिक्खू झाला, परत आला आणि मराठीतून बुद्ध सांगू लागला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. मुंबईत परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारला. त्यांचे भगवान बुद्ध हे चरित्र आजही आपल्या घरोघरी सापडते. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडले ही कथा धर्मानंदांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नसेल हे कसे शक्य आहे? म्हणून त्यांनी जुन्या पाली साधनांत शोध घेतला आणि शाक्य व कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद पुढे आणला. बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून हाच पाण्याचा वाद येतो, हे वाचकांना माहीत आहेच. परंपरेने सांगितले म्हणून मानायचे नाही, तपासायचे. दामोदर या घरात वाढले.

१९१८ साली धर्मानंद अमेरिकेला निघाले. हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाची संपादित प्रत तयार करण्याचे काम होते. अकरा वर्षांच्या दामोदरला आणि थोरल्या मुलीला त्यांनी बरोबर नेले. शाळा तिथेच झाली. मध्ये काही काळ भारतात येऊन मुलगा परत गेला आणि १९२९ साली हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. मुख्य विषय गणित, पण त्याबरोबर ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषाही त्याने गोळा केल्या. पुढे जर्मनीत लागलेला भौतिकशास्त्राचा शोध तो जर्मनमधून वाचू शकत होता, फ्रान्समधला फ्रेंचमधून.

तो काळच तसा होता. दामोदरच्या जन्माआधी दोनच वर्षे, १९०५ साली, आईन्स्टाईनने एकामागून एक निबंध प्रसिद्ध केले होते. त्यातले दोन आपल्या पॅनलच्या गोष्टीला लागतात. पहिल्यात त्याने सांगितले की प्रकाश धातूवर पडतो तेव्हा तो ठरावीक आकाराच्या पुड्यांनी येतो. एक पुडी एका इलेक्ट्रॉनला धक्का देते. पुडीत पुरेशी ऊर्जा असेल तर इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो. नसेल तर कितीही प्रखर उजेड टाका, तो जागचा हलत नाही. पुडीची ऊर्जा प्रकाशाच्या रंगावर अवलंबून असते, उजेडाच्या प्रमाणावर नव्हे. उजेड वाढवला तर सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, एकेकाच्या अंगातला जोर वाढत नाही.

दुसरा निबंध अगदी छोटा, तीन पानांचा. वस्तुमान आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत असे त्यात होते. वस्तूने ऊर्जा बाहेर टाकली की तिचे वस्तुमान तेवढ्या हिशेबाने घटते. हिशेब असा: वस्तुमानाला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने गुणले की ऊर्जा मिळते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, त्याचा वर्ग म्हणजे प्रचंडच आकडा. एक ग्रॅम पदार्थ पूर्णपणे ऊर्जेत बदलता आला तर सुमारे अडीच कोटी युनिट वीज होईल. आपल्याकडे हे सूत्र फक्त अणुबॉम्बशी जोडले जाते. ते बरोबर नाही. चुलीत गोवरी जळते तेव्हाही वस्तुमान घटते. एक किलो दगडी कोळसा जळून जी उष्णता निघते तिच्यापोटी साधारण एका ग्रॅमचा तीस लाखावा भाग कमी होतो. राख, धूर आणि वापरलेली हवा सगळे धरून तराजूत टाकले तरी हा फरक कुठल्याच काट्यावर दिसणार नाही, एवढेच.

आणि इलेक्ट्रॉन म्हणजे काय? १८९७ साली केंब्रिजच्या जे. जे. थॉमसनने तो कण असल्याचे दाखवले. हायड्रोजनच्या अणुकेंद्राच्या सुमारे १८३६ व्या भागाएवढे त्याचे वस्तुमान, अंगावर ऋण विद्युतभार. जगातला कुठलाही इलेक्ट्रॉन घ्या, खर्ड्याच्या मातीतला किंवा ताऱ्यातला, तो दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. पुढे १९२७ साली याच थॉमसनचा मुलगा जॉर्ज आणि अमेरिकेतले दोन शास्त्रज्ञ यांनी वेगवेगळे प्रयोग करून दाखवले की इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो. बापाला कण सापडला म्हणून नोबेल, मुलाला लाट सापडली म्हणून नोबेल. दोघेही खरे. मुलाने बापाला खोटे पाडले नाही, बापाने जिथवर पाहिले त्याच्या पुढे पाहिले. कोसंबी बापलेकांविषयी वाचताना मला ही जोडी नेहमी आठवते.

दामोदर १९२९ मध्ये भारतात परतले. आधी बनारस, मग अलीगढ आणि त्यानंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, जिथे वडिलांनी पाली शिकवली होती. त्यांचे संशोधन पथ-भूमिती नावाच्या शाखेत होते. सोप्या शब्दांत सांगायचे तर, वस्तू ज्या वाटांनी जातात त्या वाटांवरून अवकाशाची घडण ओळखायची. आईन्स्टाईनच्या सापेक्षतेच्या सिद्धांताला जे गणित लागते त्याच घराण्यातला हा विषय. म्हणजे पदार्थ, ऊर्जा आणि अवकाश यांच्या नात्याची भाषा त्यांच्या रोजच्या कामाची होती. फर्ग्युसनमधला त्यांचा काळ सुखाचा म्हणता येणार नाही. सरासरी विद्यार्थ्याला त्यांचे शिकवणे झेपत नसे, आणि त्यांना ढिलाई झेपत नसे.

याच काळात त्यांनी एक उद्योग केला, त्याबद्दल मला थांबून सांगावेसे वाटते. तक्षशिलेला सापडलेली चांदीची प्राचीन नाणी, ज्यांना आपण आहत नाणी म्हणतो, त्यांच्यावर राजाचे नाव नसते, साल नसते, नुसती चिन्हे ठोकलेली असतात. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे हे कसे ठरवायचे? कोसंबींनी तराजू घेतला. नाणे हातोहात फिरते तेव्हा दर व्यवहारात ते कणभर झिजते. जितके जास्त दिवस फिरले तितके हलके. एका नाण्यावरून काहीच सांगता येत नाही, पण हजारो नाणी तोलली तर सरासरी झीज बोलू लागते. पद्धत खरी की खोटी हे पाहण्यासाठी त्यांनी आधी आपल्या काळातली चालू नाणी हजारोंनी तोलली, कारण त्यांच्यावर साल छापलेले असते. हिशेब जुळला. मग तीच पद्धत त्यांनी बुद्धोत्तर मगधाच्या नाण्यांना लावली आणि त्यांचा क्रम मांडला. चांदीच्या झिजलेल्या कणांतून इतिहास वाचणारा दुसरा माणूस तोवर आपल्याकडे झाला नव्हता. पोथीत काय लिहिले आहे यापेक्षा वस्तू काय सांगते, याकडे त्यांचे लक्ष होते.

१९४५ साली होमी भाभांनी टाटांच्या मदतीने मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. बंगळूरला सुरू झालेली ही संस्था त्याच वर्षी मुंबईत आली आणि भाभांनी कोसंबींना गणितासाठी तिथे बोलावले. दोघांचे सुरुवातीला चांगले जमले. भाभांना कमी लेखून कोसंबींचे मोठेपण सांगण्याची गरज नाही. इलेक्ट्रॉनबद्दल जगाला जे कळले त्यात भाभांचा स्वतःचा वाटा आहे, आणि तो अस्सल मुंबईकराचा आहे.

१९३२ साली अमेरिकेत पॉझिट्रॉन सापडला होता. हा इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ. वस्तुमान तेच, भार उलटा. दोघे समोरासमोर आले की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी प्रखर किरणे उरतात. पदार्थ गेला, ऊर्जा राहिली. उलटही घडते. पुरेशी ऊर्जा असलेला किरण अणुकेंद्राजवळून जाताना त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी जन्माला येते. केंब्रिजमध्ये असताना तरुण भाभांनी या दोघांच्या टकरीचे गणित मांडले. १९३६ साली छापलेल्या त्या निबंधात त्यांनी दाखवले की इथे दोन शक्यता एकत्र धराव्या लागतात. दोघे एकमेकांना ढकलून पुढे जातील, किंवा एकमेकांत नष्ट होऊन पुन्हा नव्याने निर्माण होतील. जगभरच्या प्रयोगशाळांत या टकरीला आजही भाभांचे नाव आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी वॉल्टर हाइटलरबरोबर अवकाशातून येणाऱ्या किरणांचे कोडे सोडवले. वातावरणाच्या वरच्या थरात एक इलेक्ट्रॉन येतो, त्याच्यातून किरण निघतो, किरणातून जोडी, जोडीतून पुन्हा किरण, असे करत एकाचे हजारो होतात. खर्ड्याच्या माळावर आपण उभे असतो तेव्हा डोक्यावर हे सतत चालू असते. मोठ्या रुग्णालयात कर्करोगासाठी जे पेट स्कॅन करतात, त्याचाही आधार इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनचे हे एकमेकांत संपणे हाच आहे.

इथे मोबाईलवरच्या त्या संदेशाचे उत्तर देऊन टाकतो. इलेक्ट्रॉनसुद्धा अमर नाही. योग्य जोडीदार भेटला की तो संपतो. टिकतो तो एकूण ऊर्जेचा हिशेब, आणि त्या हिशेबात कुणाचे नाव, आठवण, पाप, पुण्य काही नोंदलेले नसते. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात पुनर्जन्माच्या प्रश्नावर लिहिताना ऊर्जेची भाषा वापरली ती नेमकी यासाठी. शरीराचे भौतिक घटक आणि ऊर्जा विश्वातल्या घटकांना जाऊन मिळतात हे त्यांनी मान्य केले, आणि आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला. म्हणजे ज्या नियमाच्या आधाराने आत्मा सिद्ध करायला लोक निघतात, त्याच नियमाच्या आधाराने बाबासाहेब आत्मा नाकारतात. पण मित्रांनो, एक काळजी आपणही घेतली पाहिजे. क्वांटम सिद्धांत तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवला होता, असे लेख आपल्याकडेही फिरतात. विमान पुराणात होते म्हणणाऱ्यांना आपण हसतो, मग हे का पुढे पाठवतो? अनित्यता हा जीवनाकडे पाहण्याचा विचार आहे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान मोजून सापडते, ध्यानात बसून नाही.

परत कोसंबींकडे. १९४८-४९ मध्ये ते अमेरिका आणि इंग्लंडला जाऊन आले. त्यात प्रिन्स्टनच्या ज्या संस्थेत तेव्हा आईन्स्टाईन होते तिथेही काही काळ राहिले. हिरोशिमा आणि नागासाकी होऊन तीन-चार वर्षे झाली होती. त्या लहानशा निबंधाचे काय झाले हे सगळ्या जगाने पाहिले होते. परतल्यावर कोसंबी जागतिक शांतता चळवळीत उतरले. पुढची काही वर्षे त्यांनी अण्वस्त्रबंदीसाठी देशोदेशीच्या परिषदा केल्या, लेख लिहिले.

राहायला ते पुण्यातच होते, भांडारकर संस्थेजवळ. मुंबईला डेक्कन क्वीनने जात-येत. सुट्टीच्या दिवशी हातात काठी घेऊन डोंगर धुंडाळत. घराजवळ पारध्यांची पालं पडत, त्यांच्याशी बोलून ते चालीरीती टिपत. कार्ल्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या कोरलेल्या नावांवरून त्यांनी दाखवले की ही लेणी एकांतासाठी कुठेतरी रानात खोदलेली नाहीत. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटांवर ती आहेत, आणि विहारांचा त्या व्यापाराशी जवळचा संबंध होता. इतिहासात काय, गणितात काय, त्यांचा पहिला प्रश्न एकच असे. हे चालते कशावर, आणि त्याची किंमत कोण देतो?

१९५६ साल आपल्याला चौदा ऑक्टोबरमुळे पाठ आहे. त्याच वर्षी कोसंबींचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा मोठा ग्रंथ आला. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. भाभा तोवर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, अणुऊर्जा खात्याचे सचिव होते आणि कोसंबी ज्या संस्थेत नोकरी करत तिचे संचालकही होते. १९५५ साली जिनेव्हाला अणूच्या शांततामय उपयोगावर जागतिक परिषद झाली तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. तिथे त्यांनी पुढच्या वीस वर्षांत सूर्यासारखी केंद्रकांच्या मीलनाची ऊर्जा माणसाच्या हातात येईल असे भाकीत केले होते. आज सत्तर वर्षे होत आली, ती घराघरात आलेली नाही.

देश नवा होता, वीज हवी होती, आणि अणू हे तेव्हाचे भारलेले नाव होते. त्याच्याबद्दल प्रश्न विचारणारे थोडे. बंगालचे मेघनाद साहा त्यात होते. खेड्यातल्या गरीब, खालच्या मानलेल्या जातीच्या घरातून आलेले, कोलकात्याच्या वसतिगृहात जातीवरून अपमान सोसलेले. प्रचंड उष्णतेत अणूपासून इलेक्ट्रॉन कसे सुटतात याचे त्यांचे १९२० चे समीकरण ताऱ्यांच्या अभ्यासाचा पाया आहे. पहिल्या लोकसभेत अपक्ष म्हणून निवडून आल्यावर अणुऊर्जेच्या कामातल्या गुप्ततेवर त्यांनी टीका केली. फेब्रुवारी १९५६ मध्ये ते वारले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

कोसंबींनी आपले म्हणणे बाहेर येऊन मांडले. २५ जुलै १९६० रोजी पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये त्यांनी भारतासाठी अणुऊर्जा या विषयावर व्याख्यान दिले. समोर शहरातले प्रतिष्ठित लोक. त्यांना त्यांनी आधी अणू म्हणजे काय, ऊर्जा कशी निघते हे समजावले आणि मग हिशेब मांडला. अणुवीज स्वस्त म्हणतात, पण भांडवल, संशोधन, तज्ज्ञ, सुरक्षितता हे सगळे धरले तर ती स्वस्त राहत नाही. प्रगत देशांत हा खर्च अण्वस्त्रांच्या खात्यातून आधीच झालेला असतो, म्हणून तो दिसत नाही. किरणोत्साराचे नुकसान पुढच्या पिढ्यांच्या रक्तात उतरते. आणि आपल्याला अणुभट्टीच हवी असेल तर एक आधीच चालू आहे, सूर्य.

हे शेवटचे वाक्य अलंकार म्हणून घेऊ नका. सूर्याच्या पोटात हायड्रोजनची केंद्रके जुळून हेलियम होते. तयार झालेल्या हेलियमचे वस्तुमान मूळ मालापेक्षा थोडे कमी भरते आणि तो फरक प्रकाश होऊन बाहेर पडतो. आईन्स्टाईनच्या हिशेबाने सूर्य दर सेकंदाला सुमारे बेचाळीस लाख टनांनी हलका होत असतो. त्यातला अगदी सूक्ष्म अंश पृथ्वीच्या वाट्याला येतो, आणि तोही आपण वापरून संपवू शकत नाही. ही भट्टी पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे. तिचा कचरा आपल्या दारात येत नाही आणि तिच्या चावीवर कुणाची मालकी नाही.

कोसंबींचा खरा मुद्दा याच्या पुढचा होता. अणुवीज एका जागी तयार होते. तिला प्रचंड भांडवल, मोठे खाते आणि देशभर तारा लागतात. ऊन मात्र गावोगाव पडते. ते जिथे पडते तिथेच वापरता येईल. मोठे जाळे नसले तरी छोटे उद्योग, छोटी गावे आपापली ऊर्जा घेऊ शकतील. लोक शेण जाळतात कारण दुसरे जळण नाही, म्हणून शेत खताला मुकते. झाडे तोडतात, म्हणून माती वाहून जाते. उन्हावर स्वयंपाक झाला तर शेण शेतात जाईल. समाजवाद नुसता बोलायचा नसेल, तर हाती असलेल्या साधनांत याच्याइतके विकेंद्रित साधन दुसरे नाही असे त्यांचे मत होते. १९६४ साली त्यांनी अविकसित भागांसाठी सौर ऊर्जा यावर पुन्हा लिहिले.

खर्ड्याच्या वर्गात मी हे सांगितले तेव्हा त्या मुलीने लगेच विचारले की रात्री काय. प्रश्न रास्त आहे, आणि कोसंबींच्या हयातीत त्याला स्वस्त उत्तर नव्हते. सिलिकॉनचे सौर घट अमेरिकेत १९५४ साली दाखवले गेले. पडलेल्या उन्हातल्या शंभर भागांतले जेमतेम सहा भाग ते विजेत बदलत, आणि किंमत अशी की ते उपग्रहांवरच परवडत. तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यात उन्हाची उष्णता होती, त्याची वीज नव्हती. त्या अडचणी कोसंबींनी कमी लेखल्या असे मला वाटते. पण त्यांची मागणी उद्यापासून सगळा देश उन्हावर चालवा अशी नव्हतीच. जेवढा पैसा आणि जेवढी हुशारी अणूकडे चालली आहे, तिचा काही वाटा या संशोधनाकडे वळवा, ही होती.

आता तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. पॅनलमधले इलेक्ट्रॉन संपत का नाहीत? सायकलची चेन आठवा. पायडल मारले की चेन फिरते, चाकाला जोर मिळतो, पण चेनचे दुवे चाकात जाऊन संपत नाहीत, फिरून पुढे येतात. पॅनलमध्ये पायडल मारतो तो प्रकाश. त्याची एक पुडी सिलिकॉनमधल्या एका इलेक्ट्रॉनला जागेवरून सोडवते. सिलिकॉनचे दोन थर असे जोडलेले असतात की सुटलेला इलेक्ट्रॉन एकाच बाजूला ढकलला जातो. तारेतून, दिव्यातून फिरून तो दुसऱ्या बाजूने परत येतो. खर्च होते ती उन्हातून आलेली ऊर्जा. वर्गात हे चित्र फळ्यावर काढल्यावर तिने मान हलवली, पण पूर्ण पटले असे तिच्या तोंडावरून दिसले नाही. पुढच्या वेळी छोटा सौर घट आणि मीटर घेऊन जाणार आहे.

मूलभूत संशोधन संस्थेतून कोसंबी १९६२ साली बाहेर पडले. त्यांचा करार पुढे वाढवण्यात आला नाही. कारणे एकापेक्षा जास्त होती. अविभाज्य संख्यांबद्दलच्या एका अत्यंत अवघड गणिती प्रश्नाची सिद्धता सापडल्याचा दावा त्यांनी १९५९ मध्ये शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकातून केला होता. ती सिद्धता टिकली नाही आणि गणितज्ञांत त्यांची बरीच नाचक्की झाली. इतिहासाच्या नादात गणिताकडे दुर्लक्ष होते ही कुरकूर होतीच. स्वभाव तिखट, बोलणे बोचरे. आणि अणुधोरणाबद्दल त्यांनी चालवलेली उघड टीका भाभांशी त्यांचे संबंध बिघडण्यामागे होती असे त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण मानतात. यातला कोणता भाग किती, हे तोलायला आपल्याकडे आहत नाण्यांसारखी पद्धत नाही.

आपल्या वाचकांना त्यांच्याशी भांडायलाही जागा आहे. ते मार्क्सवादी होते, धम्माचे प्रचारक नव्हते. जातीला त्यांनी उत्पादनाच्या मागासलेल्या अवस्थेतला वर्ग मानले. उत्पादन बदलले की जात आपोआप ढिली होईल, असा त्यात एक सूर आहे. गिरण्या आल्या, धरणे झाली, मोबाईल आले, आणि जात कुठे ढिली झाली ते खर्ड्यात येऊन पाहावे. या बाबतीत बाबासाहेबांना जे दिसले ते कोसंबींना दिसले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तरी कार्ल्याच्या भिंतीवरची कामगार, व्यापारी, सुतार यांची नावे वाचून बौद्ध इतिहास दान देणाऱ्या माणसांच्या बाजूने सांगायला त्यांनीच शिकवले.

१९६४ पासून वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्यांना मानद पद दिले होते. पुण्यातून काम चालू होते. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे विमान युरोपात माँ ब्लाँ शिखरावर कोसळले, त्यात होमी भाभा गेले. पाच महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यातल्या घरी कोसंबी झोपेतच वारले. वय अठ्ठावन्न. तारापूरची अणुवीज १९६९ मध्ये सुरू झाली.

विज्ञान, समाज आणि शांतता यांवरचे कोसंबींचे लेख त्यांच्या मृत्यूनंतर एकत्र छापले गेले. इंग्रजीत आहेत. अभ्यासवर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी सुरुवात १९६० च्या रोटरी क्लबमधल्या व्याख्यानापासून करावी. बारावी विज्ञान झालेल्या कुणालाही ते समजेल, आणि वाचायला एक संध्याकाळ पुरते.